इन्स्टॉल झालं, पण चालतंय का?

‘लिनक्स सर्व्हरवर बॅकटेस्टिंगचं ओपन-सोर्स सॉफ्टवेअर बसवायचंय, कमांड सांगाल का?’ असं बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो. बॅकटेस्टिंग म्हणजे खरेदी-विक्रीचे आपले नियम, म्हणजेच स्ट्रॅटेजी, जुन्या भावांवर चालवून बघणं. कमांड दोन-तीनच आहेत. माणूस अडकतो तो त्यांच्या आधी आणि नंतर.

पायथॉन येत असेल आणि साधी स्ट्रॅटेजी तपासायची असेल तर बॅकट्रेडर घ्या. त्याचं काम थंडावलंय, पण समजायला ते अजूनही सोपं आहे. क्रिप्टोसाठी फ्रीकट्रेड. लीन हे तिसरं सॉफ्टवेअर दमदार आहे, पण पसारा मोठा. पहिल्यांदाच हात घालताय तर राहू द्या.

डेबियन 12 या लिनक्सवर सरळ पिपने (पायथॉनची पॅकेजेस बसवणाऱ्या टूलने) पॅकेज बसवायला गेलात तर सिस्टिम नकार देते. तो नकार मोडून काढणारा एक फ्लॅगही आहे. त्याच्या नावातच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ असं लिहिलंय, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नका. वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजेससाठी स्वतंत्र कप्पा, करा आणि प्रत्येक पॅकेजचा व्हर्जन नंबर फाइलमध्ये लिहून ठेवा. जुनं बॅकट्रेडर नव्या मॅटप्लॉटलिबसोबत (आलेख काढणाऱ्या लायब्ररीसोबत) आलेख काढताना अडखळतं, हे त्यामुळेच टळतं. सर्व्हरला स्क्रीन नसते, म्हणून आलेख मॅटप्लॉटलिबच्या स्क्रीनशिवाय चालणाऱ्या ‘ॲग’ बॅकएंडने थेट फाइलमध्ये काढायचा. टीए-लिब (भावांवरून इंडिकेटर काढणारी लायब्ररी) हवं असेल आणि हेडर फाइल सापडत नाही अशी एरर आली, तर तिची मूळ सी लायब्ररी आधी बसवा; पायथॉनचं पॅकेज हे नुसतं वरचं आवरण आहे.

ब्रोकरची एपीआय की, म्हणजे प्रोग्रामला तुमच्या खात्यात शिरू देणारी किल्ली, मात्र सर्व्हरवर ठेवू नका. जुन्या भावांवर चाचणी घ्यायला ती लागतच नाही.

एरर न येता सगळं बसलं की लोक लगेच स्वतःची स्ट्रॅटेजी चालवतात आणि नफा बघून खूश होतात. माझ्या मते इन्स्टॉलेशन तेव्हा अर्धंच झालेलं असतं. आधी हाताने सहा ओळींची भावांची फाइल बनवा; एक ओळ म्हणजे एक कँडल, एका दिवसाचे भाव. पहिल्या कँडलला 10 शेअर्स खरेदीची मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची), चौथ्याला विक्रीची. दुसऱ्या कँडलचं ओपन, म्हणजे सुरुवातीचा भाव, 102 ठेवा, पाचव्याचं 107. बॅकट्रेडर मार्केट ऑर्डर पुढच्या कँडलच्या ओपनला भरतं, म्हणजे नफा बरोबर 50 दिसला पाहिजे. वेगळा आकडा आला तर तारखांचा फॉरमॅट, कॉलमचा क्रम किंवा ओळींचा क्रम चुकलाय. मिनिटांच्या डेटावरून दिवसाच्या कँडल बनवणार असाल तर टाइमझोनही बघा. सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, बाजार नसतो. दिवस भलत्याच ठिकाणी तुटतो आणि प्रोग्राम तक्रार करत नाही.

आता कमिशन. बॅकट्रेडरमध्ये ते मुळात शून्य असतं, स्लिपेजही (अपेक्षित आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातला फरक). नवख्यांच्या सुंदर आलेखांपैकी बरेचसे इथेच तयार होतात! त्याच फाइलवर 0.1 टक्के लावा. खरेदीवर 1.02, विक्रीवर 1.07, म्हणजे हातात 47.91 उरायला हवेत. तेवढेच उरले की खरा डेटा भरा.