तुम्ही विचारलंत म्हणून: मग भ्यायचं की नाही?

‘भिऊ नका’ असं बायबल पुन्हापुन्हा सांगतं आणि ‘परमेश्वराचं भय धरा’ असंही. मग नक्की करायचं काय? हा प्रश्न बहुतेक वेळा तपासणीचा रिपोर्ट यायचा असतो किंवा नोकरी गेलेली असते तेव्हाच येतो. मराठीनेच अर्धं उत्तर देऊन ठेवलंय: भीती वाटते, भय धरावं लागतं.

मार्कच्या शुभवर्तमानातला (बायबलमधलं येशूचं एक चरित्र) चौथा अध्याय, ओव्या ३५-४१, उघडा. गालील सरोवर समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली, भोवती डोंगर. वारा उतारावरून एकदम कोसळतो. नावेत पाणी भरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय. (उशी फक्त मार्कच सांगतो.) शिष्य त्याला उठवतात, तो वाऱ्याला दटावतो. मूळ ग्रीकमध्ये ‘मोठं’ हा शब्द तीनदा येतो: मोठं वादळ, मोठी शांतता आणि पाणी निवल्यावर शिष्यांना वाटलेलं मोठं भय. त्याआधी येशू त्यांना ‘भित्रे’ म्हणतो, तो शब्द निराळा. वादळ गेलं तरी भय राहिलंच; लाटांवरून उठून ते नावेतल्या माणसावर येऊन बसलं.

झोप उडाली की हा उतारा दोनदा, मोठ्याने वाचा. पहिल्यांदा ३८व्या ओवीवर थांबा: ‘गुरुजी, आपण बुडतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही का?’ तिथे आपली भीती एका वाक्यात सांगा. ‘भविष्याची काळजी’ असं मोघम नको, ‘पाच तारखेचा हप्ता’ म्हणा. दुसऱ्यांदा ४१व्या ओवीवर थांबा आणि काहीही मागू नका. ‘हा आहे तरी कोण, की वारा आणि समुद्रही याचं ऐकतात?’ एवढंच सावकाश म्हणा. पाच-सात मिनिटं पुरतात.

गडबड होते ती ३९वर. तिथे वारा थांबतो, म्हणून लोक तिथेच मुक्काम करतात आणि दर दोन मिनिटांनी भीती गेली का ते चाचपत बसतात. मग नजर पुन्हा लाटांवर. बायबलमधलंच स्तोत्र ५६:३ काय म्हणतं? भीती वाटेल तेव्हा भरवसा ठेवीन. वाटणारच नाही, असं नव्हे. आजाऱ्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्यांना ही ओळ कुणीतरी वाचून दाखवावी. गोळ्या मात्र वेळेवर घ्याच.

मार्क पाठ झाला की बायबलमधल्याच योनाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय घ्या; तिथेही समुद्रात वादळच आहे. पाचव्या ओवीत आपापल्या देवांना हाका मारत माल समुद्रात फेकणारे खलाशी सोळाव्या ओवीत परमेश्वराचं भय धरतात, यज्ञ करतात, नवस बोलतात. समुद्र पंधराव्या ओवीतच शांत झालेला असतो.