सीटी क्लिअर आला तरी लिम्फ नोडमध्ये सुई टाकायला सांगा

कुत्र्याच्या तोंडात गाठ निघाली, बायोप्सीत मेलानोमा (रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर) आला, आता डॉक्टर सीटी स्कॅन करा म्हणतायत, करू का? आमच्या कुत्र्याला, ब्रूनोला, हेच झालं होतं ते ओळखीतल्या सगळ्यांना माहितीये म्हणून हा प्रश्न मला बरेचजण विचारतात. माझं उत्तर सरळ आहे, करा, पण रिपोर्टात "नोड नॉर्मल" (नोड म्हणजे लिम्फ नोड, शरीरातल्या छोट्या लसिका ग्रंथी) वाचून निवांत होऊ नका.

सीटी का, तर एक्स-रेवर फुप्फुसातली गाठ साधारण 7 ते 9 मिलिमीटरची होईपर्यंत दिसतच नाही, सीटीत 1 मिलिमीटरची पण दिसू शकते. आणि जबड्याचं तर विचारूच नका. ब्रूनोच्या हिरडीवरची गाठ वरून बोराएवढी, पण डॉक्टर मॅडमनी स्क्रीनवर एकेक स्लाइस सरकवत दाखवलं तेव्हा सुळ्याच्या मुळाशी हाड पार पोखरलेलं होतं. ऑपरेशनमध्ये हाड कुठून कुठपर्यंत कापायचं हे त्यावरूनच ठरलं, नुसत्या एक्स-रेवर हे जमलं नसतं.

आता नोडचं. तोंडाचा कॅन्सर आधी पोचतो तो मानेतल्या लिम्फ नोडमध्ये. जबड्याखालचे नोड हाताला लागतात, घशामागचे खोल असतात, ते चाचपून कळत नाहीत, सीटीत मात्र दिसतात. पण दिसतो तो मुख्यतः आकार, आणि आकार फसवा असतो. मेलानोमा असलेल्या 100 कुत्र्यांचा एक अभ्यास 2003 मध्ये आला होता, त्यात जबड्याखालचे नोड नॉर्मल आकाराचे असलेल्यांपैकी तब्बल 40 टक्के कुत्र्यांत कॅन्सर तिथे पोचलेला होता. 2018 च्या दुसऱ्या अभ्यासात, तोंडाच्या आणि नाकाच्या कॅन्सरमध्ये, कॅन्सर गेलेल्या नोडपैकी जेमतेम दहा-बारा टक्केच सीटीवरून ओळखता आले. म्हणजे सीटीने संशय घेतला तर तो गांभीर्याने घ्यायचा, पण सीटी गप्प बसला म्हणून काही नाही असं धरायचं नाही!

ब्रूनोचं अगदी तेच झालं. छाती स्वच्छ, नोड नॉर्मल, आम्ही सगळे खूश. मॅडम म्हणाल्या, थांबा, भूल आहे तोवर सोनोग्राफीवर बघून दोन्ही बाजूंच्या नोडमध्ये सुई टाकून पेशी तपासायला काढून घेते. दोन्ही बाजू का, तर गाठ डावीकडे असली तरी कॅन्सर उजव्या नोडमध्येही जाऊ शकतो, आणि तो तिथेच सापडला. गाठ 2 सेंटीमीटरच्या आत, म्हणजे एरवी स्टेज 1, पण नोडमुळे थेट स्टेज 3. रडू आलं खरं, पण हे आधी कळलं म्हणून ऑपरेशनमध्ये नोडही काढले आणि पुढची ट्रीटमेंट त्या हिशोबाने ठरली.

सुईचा रिपोर्ट मेलानोमात कधीकधी गोंधळाचा येतो हेही सांगते, कारण काळं रंगद्रव्य गिळलेल्या साध्या पेशी पण नोडमध्ये असतात आणि त्या कॅन्सरसारख्या वाटू शकतात. तसं झालं तर नोड काढून हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला) पाठवणं हाच खात्रीचा मार्ग.

सीटीची अपॉइंटमेंट घेताना इतकं विचाराच: डोकं, मान आणि छाती एकाच भुलीत होणार ना, कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देणार ना, सुई तिथेच टाकणार का. कुत्रा वयस्कर असेल तर किडनीच्या टेस्ट आधी करून घ्या, भुलीसाठीही लागतात आणि कॉन्ट्रास्टसाठीही.