जास्वंदीचा चहा फसला त्याची गोष्ट

आमच्या बाल्कनीत गवती चहा आहे, रंगाच्या जुन्या डब्यात. आईकडून एक ठोंब आणून खोचला होता, आता एवढा माजलाय की शेजारी वाटून पण संपत नाही. सकाळी दोन पाती तोडायची, गाठ मारून आल्याबरोबर पाण्यात टाकायची, पाच मिनिटं उकळू द्यायची, बस. पात हाताने सर्रकन ओढू नका फक्त, कडा ब्लेडसारख्या असतात, माझी दोन बोटं कापून झालीत, आता कात्रीच वापरते.

तर गवती चहा जमला म्हटल्यावर डोक्यात किडा आला की बाकीची झाडं तरी का सोडायची. पुदिना झाला, तुळस झाली. ही पानं नाजूक, उकळत बसलं की वास सगळा स्वयंपाकघरात आणि कपात काहीच नाही, त्यामुळे गॅस बंद करून टाकायची आणि वर झाकण ठेवायचं. मग गोकर्ण. रंग काय सुंदर येतो, निळाशार, लिंबू पिळलं की जांभळा, मुलीने चार वेळा पिळून पाहिलं. चव म्हणाल तर वालाच्या शेंगा उकडलेलं पाणी. सासूबाई म्हणाल्या, "शाई प्यायला लावतेस का गं?"

आणि मग जास्वंद. कॅफेत एकदा हिबिस्कस टी प्यायले होते, लालभडक, आंबट, बर्फ घालून, आणि बिल बघून वाटलेलं की अरे आपल्या दारात तर रोज दहा फुलं गळून पडतात! दहा फुलं घेतली, धुतली, हिरवा भाग काढला, गरम पाणी ओतलं. पाणी झालं मळकट जांभळं, पाकळ्यांचा बुळबुळीत लगदा, आणि आंबटपणा शून्य. लिंबू पिळल्यावर लाल झालं खरं, पण मग चव लिंबाचीच की.

आईला फोन केला तर ती हसायलाच लागली. "अगं ती जास्वंद नव्हे, अंबाडी. बोंडांचं सरबत करायची ना आजी!"

खरंच की. आम्ही मूळचे वाशीमकडचे, अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी खाऊन मोठे झालो, आणि मी कॅफेत तेच पैसे देऊन पिऊन आले. जास्वंद आणि लाल अंबाडी एकाच कुळातल्या, म्हणून इंग्रजीत दोन्ही हिबिस्कस, तिथेच माझा घोळ झाला. चहात जातं ते फूल नसतंच मुळी. फूल फिकट पिवळं, मध्ये गडद लाल, एका दिवसात गळून जातं. नंतर खालची लाल पानं फुगून मांसल होतात, तीच ती बोंडं, सगळा आंबटपणा त्यात.

मावशीने डिसेंबरात पिशवीभर पाठवली. प्रत्येक बोंडाच्या मधली हिरवी गाठ काढायची असते, त्यात बिया असतात, मी पेनाच्या टोपणाने बुडातून ढकलून काढल्या, एक अख्खा रविवार गेला आणि नखं लाल ती वेगळीच. मग सावलीत वाळवली. कपाला तीन-चार बोंडं पुरतात, गूळ थोडा जास्तच लागतो आणि दूध चुकूनही घालायचं नाही, फाटतं (नवऱ्याने घातलं). सासऱ्यांना बीपीची गोळी चालू आहे आणि अंबाडीने बीपी थोडं खाली येतं असं वाचलं होतं, म्हणून त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज द्यायचं नाही असं ठरवलंय, ते मात्र गुपचूप अर्धा कप ढापतात.

पिकलेल्या बोंडांतल्या थोड्या बिया ठेवल्यात. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की पेरणार, झाड डोक्याएवढं होतं म्हणे, तेव्हा बाल्कनीत जागा करायला गवती चहाचा डबा कुणाला तरी द्यावा लागेल. हवा असेल तर सांगा, डबा मात्र परत पाहिजे.