यंदा फक्त कॅमेऱ्याची उंची बदलली: भिगवण, कास आणि मंडईचा रिपोर्ट

मंडळी, यंदा नवीन बॉडी नाही, नवीन लेन्स नाही. तीच क्रॉप सेन्सरवाली (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी, तीच ७०-३०० एमएमची लेन्स, मॅक्रोला म्हणजे अगदी जवळून काढायला तीच ९० एमएम. वर्षभर एकच गोष्ट धरून काम केलं, ती म्हणजे कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर आहे. आपण सगळे अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओवर तासन् तास बोलतो पण कॅमेरा बहुतेक वेळा आपल्या डोळ्याच्याच उंचीवर असतो, म्हणजे जवळपास पाच फुटांवर, आणि समोरचा पक्षी, फूल, माणूस मात्र पाच फुटांवर क्वचितच असतो. तर कुठं काय फरक पडला ते सविस्तर लिहितोय, कुणाला उपयोग झाला तर छानच.

सुरुवात भिगवणपासून, कारण सगळ्यात जास्त शिकायला तिथंच मिळालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुण्याहून सोलापूर रोडनं साधारण १०० किलोमीटर, भीमेवरच्या उजनी धरणाचं बॅकवॉटर. धरण १९८० साली पूर्ण झालं, आणि मागं जे प्रचंड उथळ पाणी पसरलं त्याच्या कडेला कुंभारगाव, डिकसळ वगैरे गावांत आज मासेमारी करणारेच होडीवाले पक्षी दाखवायला नेतात. हिवाळ्यात रोहित म्हणजे फ्लेमिंगो हे मुख्य आकर्षण, पण मला विचाराल तर शेकाट्या, तुतवार, चिखले, नदी सुरय यांच्यासाठीही तितकंच जावं.

आता उंचीचं गणित. हे मी कागदावर मांडून बघितलं आणि तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही. समजा अर्ध्या फुटाचा पक्षी ५० फुटांवर चिखलात उभा आहे. तुम्ही काठावर उभं राहून पाच फुटांवरून फोटो काढताय. कॅमेऱ्यातून पक्ष्याच्या डोक्याला लागून जी रेष जाते ती पक्ष्याच्या मागं साधारण साडेपाच फुटांवर चिखलाला टेकते. म्हणजे तुमची बॅकग्राउंड पक्ष्यापासून साडेपाच फूट लांब, आणि ३०० एमएमला एफ ५.६ वर त्या अंतरावर डेप्थ ऑफ फील्डच (जेवढ्या खोलीतलं सगळं स्पष्ट दिसतं ती) साधारण दोन फूट असते, त्यामुळं चिखलातला प्रत्येक खडा अर्धवट दिसत राहतो आणि डोळ्याला खुपतो. तोच कॅमेरा एक फुटावर आणा, रेष मागं ५० फुटांवर जाऊन टेकते. अर्ध्या फुटावर आणलात तर ती चिखलाला टेकतच नाही, थेट पलीकडच्या काठापर्यंत जाते. लेन्स तीच, अ‍ॅपर्चर तेच, आणि बॅकग्राउंड अशी वितळते की बघणारे विचारतात ६०० एमएम घेतली का. हे पैसे न घालता मिळतं म्हणून मी इतकं सांगतोय.

होडीत हे जमवायला थोडी तयारी लागते. होडी सपाट आणि कडा कमी उंचीची असते, तळात बसलं आणि कॅमेरा कडेबाहेर थोडा खाली धरला की पाण्यापासून फूटभर अंतर राहतं. व्ह्यूफाइंडरला डोळा लावता येत नाही, त्यामुळं वळणारी स्क्रीन असेल तर सोन्याहून पिवळं. स्ट्रॅप मनगटाला दोन वेढे घेऊनच, यात तडजोड नाही. कडेवर ठेवायला एक कापडी पिशवी शिवून घेतली, आत तांदूळ भरलेली प्लॅस्टिकची जाड पिशवी, म्हणजे ओल लागली तरी तांदूळ कोरडे राहतात. आणि इलेक्ट्रॉनिक लेव्हल कायम चालू, कारण इतक्या खालून पाण्याची रेष जरा जरी कलली तरी लगेच कळते.

आमचे होडीवाले दादा या सगळ्यात अर्धे भागीदार. त्यांना पहिल्यांदाच सांगितलं, "दादा, जवळ नको, खाली आणि शांत पाहिजे." त्यांनी इंजिन बंद केलं, बांबूनं रेटत रेटत होडी अशी आडवी लावली की सूर्य आमच्या पाठीशी आणि वाराही पाठीकडून. वाऱ्याचं का, तर पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडं तोंड करतात, म्हणजे वारा आपल्या पाठीकडून असला की उतरणारा पक्षी आपल्याकडं तोंड करून येतो. हे त्यांनी मला सांगितलं, कुठल्या व्हिडिओत नव्हतं. दुसरी गोष्ट पण त्यांचीच, रोहितांनी माना वर करून एकाच दिशेला चालायला सुरुवात केली की होडी तिथंच थांबवायची, कारण त्यांना आपण नकोसे झालोय. त्यानंतर पुढं रेटलं की थवा उडणारच आणि ते चरणं सोडून उडाले तर तो फोटो मला तरी नको असतो.

रोहित चरताना चोच उलटी करून पाण्यात घालतो, पायानं चिखल ढवळतो आणि चोचीतल्या गाळणीनं बारीक जीव गाळून खातो. म्हणजे चार-साडेचार फूट उंच पक्ष्याचा डोळा त्या वेळी पाण्याच्या अगदी जवळ असतो! उभ्या उंचीवरून काढलं तर नुसती पाठ आणि वाकलेली मान दिसते. फूटभर उंचीवरून डोळा दिसतो, चोचीवरून ओघळणारं पाणी दिसतं आणि खाली प्रतिबिंब पूर्ण मिळतं. माझ्या मते यंदाचा माझा सगळ्यात चांगला फोटो हाच, उडणारे पंख नाहीत, लाल-काळा रंग उघडलेला नाही, फक्त एक राखाडी रंगाचं पिल्लू वयाचं रोहित चरतंय आणि मागं मोठ्यांचे पाय धूसर गुलाबी उभ्या रेषांसारखे. (पिल्लं राखाडीच असतात, गुलाबी रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइडमुळं हळूहळू चढतो.)

एक्स्पोजरचं मात्र नीट लक्ष ठेवा, कारण उंची बदलली की बॅकग्राउंडचा उजेड पण बदलतो. वरून काढताना मागं गडद पाणी असतं, कॅमेरा ते उजळ करायला जातो आणि पांढरा पक्षी जळतो, म्हणजे पिसांचा तपशील जाऊन नुसता पांढरा डाग उरतो, तिथं मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -०.७ ठेवतो, म्हणजे फोटो मुद्दाम थोडा गडद. खाली आलं की मागं सकाळचं उजळ धुकं येतं, आता पक्षी काळपट पडायला लागतो, तिथं +०.७ पर्यंत जावं लागतं. एकाच पक्ष्याचे दोन मिनिटांत दोन वेगळे आकडे. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघायची सवय यामुळंच पक्की झाली. शटर चरताना १/६४०, उडताना १/१६०० च्या खाली नाही, आयएसओ ऑटो आणि वरची मर्यादा ३२००, सगळं रॉ मधे, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमधे.

आणि हो, खाली आणण्याची एक किंमत आहे. पाण्याच्या लगत हवा लवकर तापते आणि थरथरते, तुम्ही जितके खाली तितकी जास्त थरथरती हवा लेन्स आणि पक्ष्याच्या मधे येते. नऊ वाजून गेले की लांबचे फोटो मऊ पडतात, फोकस कितीही अचूक असला तरी. लेन्सला दोष देऊन उपयोग नाही, एक तर जवळचे पक्षी घ्या नाहीतर चहा प्या. मी सूर्योदयाला होडीत आणि साडेनवाला काठावर, हे वेळापत्रक करून टाकलंय.

उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं तिथंही जाऊन आलो. तिथं खालून काढण्यात फार मजा नाही, भेगाळलेली जमीन वरूनच छान दिसते. एवढंच.

आता कास. सातारच्या वरचं जांभ्या दगडाचं पठार, साधारण १२०० मीटर उंचीवर, २०१२ साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेलं. कातळावर मातीचा थर इतका पातळ की एक पाऊल पडलं तरी तिथली झाडं चिरडतात, म्हणून पहिलीच गोष्ट: वाटेवरूनच. वाटेच्या कडेला पोटावर झोपायचं, खाली प्लॅस्टिकचं इरलं पसरायचं आणि हाताच्या अंतरावर जे आहे तेच काढायचं. फुलाकडं जायला वाट सोडणाऱ्यांना मी आता सरळ हटकतो, आणि आपल्यातल्या प्रत्येकानं हटकावं असं मला मनापासून वाटतं.

कासला सगळे रंगांचे गालिचे काढायला जातात. त्यात उंचीचा असा फरक पडतो की उभं राहून बघितलं तर दोन झाडांमधली माती, दगड, चिखल सगळं दिसतं आणि गालिचा विरळ वाटतो, तेच गुडघ्याच्या खाली आलं की पुढचं फूल मागच्या फटीवर येतं, मधली माती झाकली जाते आणि तेरड्याचा गुलाबी पट्टा एकदम दाट होतो. सोनकी आणि मिकी माउस या फुलांसाठी पण तेच. पण गेंदाचं उलट! गेंदाची ती पांढरी गोल बटणं डबक्यात उभी असतात, ती खालून एकमेकांत मिसळून नुसता पांढरा घोळ होतो, कंबरेच्या उंचीवरून मात्र प्रत्येक बटण सुटं आणि मधे पाण्यात आभाळ. म्हणजे "खाली जा" हा नियम नाही, दोन-तीन उंच्या करून बघायच्या आणि मग ठरवायचं.

कासला माझा जास्तीत जास्त वेळ दवबिंदूवर गेला. किडे खाणारी वनस्पती, पानावर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. वरून ती लालसर डागासारखी दिसते, जमिनीला कॅमेरा टेकवून ढगातून जरासं ऊन मागनं येईपर्यंत थांबलं की प्रत्येक थेंब आतून पेटतो. मॅक्रोला एफ ८ ठेवलं, एफ ११ च्या पुढं क्रॉप सेन्सरवर डिफ्रॅक्शननं (छोट्या छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यानं) धार कमी व्हायला लागते. वारा हा खरा त्रास, पठारावर तो थांबतच नाही, पण जमिनीलगत तो वरच्यापेक्षा कमी असतो हा खाली झोपण्याचा आणखी एक फायदा. १/५०० आणि झुळूक संपायची वाट, दोन्ही लागतं. सीतेच्या आसवांसाठी पण असंच, त्यांचे किडे पकडणारे सूक्ष्म फुगे जमिनीखाली असल्यामुळं दिसत नाहीत, फोटोत निळं-जांभळं फूल तेवढं येतं.

परत आल्यावर कॅमेरा आणि लेन्स एअरटाइट डब्यात, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. ४०-५० टक्के ठेवतो. पावसाळ्यात हे नाही केलं तर काचेला फंगस धरते, आणि मग दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीच्या जवळ जातो.

तिसरी जागा घराजवळची, पुण्यातली महात्मा फुले मंडई. १८८६ ची इमारत, तेव्हा रे मार्केट म्हणायचे. यंदा भोगीच्या आदल्या दिवशी पहाटे गेलो, हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजरं, पावटा, घेवडा, वांगी, तीळ, सगळीकडं नुसती घाई. इथं उंची हा फक्त बॅकग्राउंडचा विषय राहत नाही. बाहेर जमिनीवर बसलेल्या मावशींचा फोटो तुम्ही उभं राहून काढला की त्या फोटोत त्या कायम वर बघणाऱ्या आणि तुम्ही खाली बघणारे. मला ते आवडत नाही, आता तर अजिबातच नाही. उकिडवं बसायचं, कॅमेरा त्यांच्या डोळ्याच्या रेषेत. त्याच्याही खाली नको, तिथून हनुवटी आणि मागची चमकणारी ताडपत्रीच जास्त येते. आत गाळ्यांवर मात्र विक्रेते उंच बसलेले, तिथं कॅमेरा डोक्यावर धरून स्क्रीन खाली वळवायची.

बसलं की बोलणं आपोआप होतं. एका मावशींना विचारलं, "मावशी, एक फोटो काढू का?" तर म्हणाल्या, "काढ की, पण आधी घाटे घे, सकाळची भवानी व्हायचीय." घाटे घेतले, गप्पा झाल्या, मग त्या पैसे मोजायला लागल्या आणि मी तिथं आहे हेच विसरल्या, खरा फोटो तेव्हाचा. दुसऱ्या आठवड्यात ४ बाय ६ ची प्रिंट नेऊन दिली. प्रिंट द्याच मंडळी. आता तिथल्या आजूबाजूच्या चार जणी स्वतःहून हाक मारतात.

टेक्निकल एकच: निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळे पडतात, पिवळीखाली पिवळे, आणि त्यात दिव्याचा उजेड मिसळला की ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यानं आपोआप केलेली रंगांची दुरुस्ती) दर फ्रेमला वेगळा. व्हाइट बॅलन्सचा एक मॅन्युअल केल्व्हिन आकडा लावून ठेवा, रॉ मधे नंतर सगळे एकदम दुरुस्त होतात. ३५ एमएम, एफ २.८, १/२५०.

पुढचं काम ठरलंय. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण बेलवाडीला होतं, इंदापूर तालुक्यातच. अश्व धावतात तेव्हा बहुतेक कॅमेरे गर्दीच्या डोक्यावरून असतात. मला रिंगणाच्या कडेला जे वारकरी जमिनीवर बसलेले असतात त्यांच्या उंचीवरून काढायचंय, अर्थात आधी त्यांच्यातल्या कुणाला तरी विचारून आणि वाट न अडवता. शटर १/१००० ठेवावं की मुद्दाम १/६० ला पॅनिंग (अश्वाबरोबर कॅमेरा फिरवत फोटो) करावं हे अजून ठरत नाहीये, आणि पाऊस असला तर इतक्या खाली चिखल सरळ लेन्सवर उडणार. ज्यांनी बेलवाडी किंवा इंदापूरचं रिंगण खाली बसून काढलंय त्यांनी कुठली लेन्स नेली होती आणि चिखलापासून कशी वाचवली तेवढं सांगा, माझ्याकडं ३५ आणि ७०-३०० च्या मधलं काहीच नाही.