एल का ला?

सात रस्त्याजवळ चहा पिता पिता आज स्पॅनिशचा गृहपाठ उरकत होतो. मराठीत तीन लिंगं सांभाळतो, तिथं तर दोनच, म्हणून जरा फुशारकीत होतो. नामाच्या शेवटी 'ओ' आला की ते पुल्लिंगी, त्याच्या आधी 'एल' लावायचं; 'आ' आला की स्त्रीलिंगी, आधी 'ला', झालं. कसलं काय! हाताला 'मानो', तरी 'ला मानो'. दिवस 'दिआ', तरी 'एल दिआ'. आणि पाणी? 'आग्वा' स्त्रीलिंगी, पण 'ला आग्वा' म्हणताना दोन 'आ' एकमेकांत अडकतात, म्हणून 'एल आग्वा'. विशेषण मात्र स्त्रीलिंगीच, 'एल आग्वा फ्रीआ', म्हणजे थंड पाणी. अनेकवचनात परत 'लास आग्वास'!

घरी आईला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "ते म्हण नाहीतर ती म्हण, नळाला कधी येणारंय तेवढं बघ."