‘उद्या दप्तरात कोयता असेल’: माझा अनुभव

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये मी आठवीची वर्गशिक्षिका आहे. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

रात्री एका विद्यार्थिनीच्या आईनं मला स्क्रीनशॉट पाठवला. मुलांच्या ग्रुपवर एकानं लिहिलं होतं, ‘उद्या दप्तरात कोयता असेल. बघूनच घेतो एकेकाला.’ मी लगेच मुख्याध्यापकांना फोन केला आणि मग त्या मुलाच्या आईला. वडील कामाला गोव्यात असतात.

सकाळी आई त्याला घेऊन आली. तिच्यासमोरच दप्तर पाहिलं. वह्या, डबा, बसचा पास, बाकी काही नाही. तेवढ्यावर विषय मिटवून टाकावा असं काहींना वाटलं, तर शाळा सुधारणा समितीतल्या दोघा-तिघांचं म्हणणं, ‘टीसी देऊन मोकळे व्हा की.’ मुख्याध्यापक ठाम राहिले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. आणि काढलं असतं तरी तो गावातच राहणार, त्याच बसथांब्यावर तीच मुलं भेटणार. फक्त आमची नजर त्याच्यावर राहिली नसती.

अमेरिकेत कोलंबाईन शाळेतल्या गोळीबारानंतर तिथल्या सीक्रेट सर्व्हिसनं (राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणारी यंत्रणा) आणि शिक्षण खात्यानं शाळांमधल्या 37 हल्ल्यांचा अभ्यास केला होता. 2002 च्या त्या अहवालाबद्दल मी वाचलं होतं. हल्ला करणाऱ्या मुलाचा कुठला ठरावीक साचा सापडला नाही. मात्र बहुतेक घटनांत कुणाला तरी आधी कुणकुण होती, आणि ते कुणीतरी बहुधा बरोबरीचंच मूल होतं. बऱ्याच हल्लेखोरांना आधी इतरांनी छळलं होतं. व्हर्जिनिया राज्यानं 2013 मध्ये सरकारी शाळांना अशा धमक्या तपासणारं पथक नेमायला कायद्यानंच लावलं. रागाच्या भरात निघालेलं बोलणं कुठलं आणि ज्यामागे खरंच बेत आहे ते कुठलं, हे माहिती काढून ठरवायचं, ही त्यांची रीत.

आम्ही तीच धरली. मुख्याध्यापक, मी, पीटीचे सर आणि त्याच्या गल्लीत राहणाऱ्या एक शिक्षिका असे चौघं बसलो. तिकडे एक प्रश्न असतो, हत्यार हाताशी आहे का? आमच्याकडे या प्रश्नाचा काय उपयोग? भाताचं, काजूचं, जळणाचं काम असलेल्या प्रत्येक घरात कोयता भिंतीला अडकवलेलाच असतो. म्हणून आम्ही वेगळं विचारलं: तो जागेवरून हलला का? कुठे लपवला होता का? धार लावून घेतली का? कुणाची नावं, वेळ, जागा ठरवली होती का? आईकडून, दोन मित्रांकडून, त्याच्याकडून वेगवेगळी माहिती घेतली आणि जुळवून पाहिली. कोयता होता तिथंच होता.

त्याच्याशी मी बोलले. आधी नुसता मान खाली घालून बसला. मग म्हणाला, “टीचर, रोज माझं दप्तर बसच्या खिडकीतून टाकतात. बाबांवरनं बोलतात. कुणाला सांगू?” पावसात भिजून फुगलेली गणिताची वही त्यानं काढून दाखवली. ती वही मी आधी तपासली होती, सही केली होती.

बेत नव्हता, पण त्रास खरा होता आणि तो थांबवल्याशिवाय धोका संपला असं म्हणता येणार नव्हतं. छळणाऱ्या मुलांच्या पालकांना बोलावलं. त्या बसनं येणारे एक सर मागच्या सीटवर बसू लागले. मुलाला त्या ग्रुपची माफी मागायला लावली, ती त्यानं मनापासून मागितली.

समुपदेशनाला मात्र वेळ लागला. पहिले समुपदेशक फक्त कन्नडमध्ये बोलत होते. मुलाला वर्गापुरतं कन्नड येतं, पण मनातलं सांगायला ते कसं पुरणार? मराठी येणाऱ्या एक बाई मिळेपर्यंत आम्ही पाठपुरावा सोडला नाही. दरम्यान त्याच्या आईला 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा क्रमांक दिला होता. रात्री-अपरात्री लावता येतो, पैसे पडत नाहीत.

स्क्रीनशॉट कुणी पाठवला हे आम्ही आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते नाव फुटलं असतं तर पुढच्या वेळी एकही मूल तोंड उघडणार नाही. तो मुलगा आता नववीत आहे. चौघांची बैठक दर महिन्याला होते आणि परवाच एक मुलगा वेगळ्याच मुलाबद्दल काळजी वाटते म्हणून माझ्याकडे आला. त्याची विचारपूस सध्या चालू आहे.