भाजणी, मेतकूट आणि नापतौल: इंदूरमधील आमचा गृहउद्योग

इंदूरमध्ये खाण्याच्या वस्तूंचा धंदा काढायचा म्हटले की शेव, पोहे, जलेबी आणि कचोरी हीच नावे पुढे येतात, आणि सराफा व छप्पन दुकान हे खाऊबाजार ज्या शहरात आहेत तेथे या मालात नव्या माणसाचा निभाव लागणे कठीण असते. म्हणून मी आणि माझ्या जाऊबाईंनी थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि उपवासाची भाजणी हे तीनच पदार्थ ठरवले. ओळखीच्या घरांतून चकल्या-लाडवांची विचारणा पहिल्यापासून होत होती. परंतु तळणाला खवटपणा लवकर येतो आणि कोरडे पीठ नीट निवू देऊन भरले तर टिकते, या एका कारणासाठी आम्ही ती नाकारत राहिलो.

अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे घरातून माल विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. आम्ही अर्ज केला तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असणाऱ्यांना परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरत होती आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते. ओळखपत्र, छायाचित्र आणि जागेचा पुरावा म्हणून विजेचे बिल जोडून फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरला की चौदा अंकी क्रमांक मिळतो. एवढ्या कामासाठी दलालाला हजारो रुपये मोजणाऱ्यांचे मला नवल वाटते. लहान उद्योगांसाठीच्या उद्यम नोंदणीला तर काहीच शुल्क नाही.

खरा वेळ गेला तो लेबलावर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, नोंदणी क्रमांक, घाणा क्रमांक (म्हणजे बॅच नंबर), निव्वळ वजन, भरल्याची आणि वापराची अखेरची तारीख, सर्व करांसहित किंमत, तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक, आणि हे सारे हिंदीत किंवा इंग्रजीत असलेच पाहिजे. मराठी मजकूर जास्तीचा म्हणून चालतो, त्यांच्या ऐवजी चालत नाही. लोकमान्यनगर आणि सुदामानगरातल्या मराठी घरांपुरताच विचार केला असता तर हा नियम जाचक वाटला असता, पण आम्हाला त्याचा फायदाच झाला. दोहोंपैकी आम्ही हिंदी निवडली आणि मग पाकिटाच्या मागे मऊ भातावर तूप घालून मेतकूट कसे खावे आणि थालीपिठाला मध्ये भोक का पाडावे, हेही हिंदीत छापून घेतले. शेजारच्या मालवी कुटुंबांनी पहिले पाकीट घेतले ते या चार ओळी वाचून. पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरणाऱ्या माणसाला भातावर मेतकूट घ्यायला सांगणे मुळीच अवघड नसते.

पाकिटावर वजन छापले की नापतौल विभागाशी, म्हणजे वजनमापे खात्याशी, संबंध येतो. घरातला स्वयंपाकाचा काटा चालत नाही. मुद्रांकन केलेला काटा घ्यावा लागतो आणि तो दर वर्षी तपासून घ्यावा लागतो. घटक लिहितानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. आमच्या मेतकुटात गहू नाही, तरीही त्यावर गव्हाची सूचना आहे, कारण वापरातल्या बांधानी हिंगात मैदा मिसळलेला असतो आणि हिंगाच्या डबीवर तसे स्पष्ट छापलेले असते. ज्यांना गहू वर्ज्य आहे, त्यांना हे कळणे आवश्यक आहे.

धान्य आम्ही छावणीच्या बाजारातून आणि मसाल्याचे जिन्नस सियागंजच्या बाजारातून घेतो. प्रत्येक धान्य वेगळे भाजावे लागते, कारण ज्वारी आणि उडीद डाळ एकाच आचेवर सारख्या वेळात भाजली जात नाहीत. भाजल्यावर ओल उडून वजन घटते आणि ही घट किमतीत धरली नाही तर हिशेब चुकतो. उपवासाच्या भाजणीसाठी स्वतंत्र घरघंटी घेतली. गहू दळलेल्या चक्कीवर साबुदाणा आणि राजगिरा दळला तर उपवास करणारा ग्राहक ते घेणार नाही, आणि त्याचे म्हणणे योग्यच आहे. यंत्रासाठी केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान मिळू शकत होते, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेले होते आणि आमची गरज लहान असल्यामुळे घरचेच पैसे घातले.

किंमत ठरवताना दुकानदाराचा हिस्सा कशावर धरायचा, हा प्रश्न बहुतेक नवे उद्योजक डोळ्यांआड करतात. मजुरी आणि नफा धरून पाकिटामागे आपल्या हातात ८० रुपये पडायला हवे असतील आणि दुकानदाराला छापील किमतीवर २० टक्के हवे असतील, तर ८० वर २० टक्के चढवून किंमत ९६ ठेवून भागत नाही; ९६ वर २० टक्के दिल्यावर ७६ रुपये ८० पैसेच उरतात. ती १०० ठेवावी लागते. त्यातही बहुतेक दुकानदार नव्याचा माल जाकडावर ठेवतात, म्हणजे विकला तर पैसे, नाही तर माल परत. आम्ही ते मान्य केले, पण प्रत्येक दुकानात थोडीच पाकिटे ठेवायची आणि मुदत अर्धी सरली की स्वतः जाऊन बदलायची, असे ठरवले. शिळे पाकीट एकदा ग्राहकाच्या हाती गेले की पुढची सगळी जाहिरात वाया जाते.

जाहिरातीत व्हॉट्सॲपवरच्या चित्रांपेक्षा चवीचा उपयोग कितीतरी अधिक झाला. हळदीकुंकू, गणेशोत्सवातले मंडळाचे स्टॉल, नाटकाचा मध्यंतर, जेथे मराठी माणसे जमतात तेथे गरम थालीपिठाचे तुकडे लोण्याबरोबर दिले आणि सोबत १०० ग्रॅमचे लहान पाकीट ठेवले. जाऊबाई तव्याशी आणि मी वहीशी, अशी वाटणी आपोआप झाली. वहीत ग्राहकाचे नाव, मोहल्ला आणि पुन्हा खरेदी केली की नाही, इतकेच लिहीत असे. पहिल्या खरेदीच्या आकड्यावर मी अजूनही विश्वास ठेवत नाही.

वर्षातला सर्वांत मोठा हंगाम मात्र दिवाळी नसून श्रावण ठरला. हिंदी भाषकांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि राखीला संपतो. आपला श्रावण सावन लागल्यानंतर पंधरवड्याने सुरू होऊन अमावास्येपर्यंत चालतो. त्यामुळे उपवासाच्या भाजणीची मागणी इंदुरात सुमारे दीड महिना टिकते, आणि नेमकी तेव्हाच हवा दमट असते. पीठ कोमट असताना पाकिटात भरले तर आत वाफ धरते आणि किडा लवकर लागतो. म्हणून त्या काळात आम्ही लहान घाणे काढतो, पीठ रात्रभर झाकून निवू देतो, तारीख आखूड छापतो, आणि दुकानदारांनी कितीही आग्रह केला तरी आठवड्यापेक्षा जास्तीचा माल त्यांच्याकडे ठेवत नाही.